जेवणानंतरची बारा मिनिटं

वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत टोपणनावसुद्धा मोजूनमापून मिळतं. दुसरीकडे कुणाला लंबू म्हणतील, कुणाला ढोल्या म्हणतील, सगळा अंदाजपंचे कारभार. इथे तसं चालत नाही. निरीक्षकांना गेल्या वर्षापासून कचेरीत 'चौऱ्याण्णव' म्हणत, आणि आकडा अगदी बिनचूक होता. कचेरीच्या वार्षिक भोजनाला त्यांनी आणलेला वक्ता जेवणं झाल्यावर जो उभा राहिला, तो चौऱ्याण्णव मिनिटं बोलला होता. घड्याळ निरीक्षकांच्याच हातात होतं, त्यामुळे नाकबूल करायचीही सोय नव्हती.

वक्ता मधमाश्यांचा जाणकार होता. निरीक्षकांच्या मेव्हण्याने तो सुचवला होता. ह्याच मेव्हण्याने पूर्वी एकदा पाण्याचा पंप सुचवला होता, तो अजून माळ्यावर आहे, आणि तरीही निरीक्षकांनी त्याचं ऐकलं, ह्याला काय म्हणावं. चौऱ्याण्णव मिनिटं झाली तरी पोळ्यातली राणीमाशी जन्माला यायची बाकी होती. तेवढ्यात दहा वाजले आणि सभागृहाच्या व्यवस्थापकाने करारात लिहिल्याप्रमाणे दिवे मालवले.

इथवर गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी होती. पण त्या अंधारात एक माणूस हातात कागद घेऊन उभा होता. त्याचं नाव लिटरभाऊ.

लिटरभाऊ म्हणजे कचेरीतले दुसरे निरीक्षक. आपले निरीक्षक तराजू बघायचे आणि लिटरभाऊ दुधातेलाची मापं. एकतीस वर्षं दोघांची टेबलं शेजारी शेजारी. रोज चार वाजता एकच चहा मागवायचा आणि दोघांत घ्यायचा, ह्यात एकतीस वर्षांत खंड नाही. ते भोजन लिटरभाऊंच्या निवृत्तीचं होतं. वक्त्यानंतर त्यांनी दोन शब्द बोलायचे होते. स्वभावाने ते इतके अबोल की दुकानदाराला दंड ठोठावतानासुद्धा तोंडाने न सांगता पावती पुढे करायचे. त्या माणसाने दोन महिने खपून चार पानं लिहिली होती. ऐकायला मुलगी परगावाहून आली होती. ती चार पानं अंधारात तशीच घडी होऊन खिशात गेली.

त्या रात्रीपासून लिटरभाऊ निरीक्षकांशी बोलले नाहीत. भांडण नाही, तंटा नाही, एक चकार शब्द नाही. त्यांचं घर दोनच गल्ल्या सोडून होतं. भाजी घ्यायला निघालेले लिटरभाऊ निरीक्षकांना पाहिलं की पलीकडच्या पदपथावर जायचे, आणि ज्या बाजूला भाजीवाला नाही त्या बाजूने चालत राहायचे. निरीक्षक चारचा चहा आता एकटे प्यायचे. अख्खा कप त्यांना जात नसे. अर्धा उरायचा, थंड व्हायचा.

वर्ष सरलं, पुन्हा भोजनाचं परिपत्रक निघालं आणि त्यात 'वक्ता निवड : निरीक्षक' असं निरीक्षकांनी वाचलं. ते तडक हेडक्लार्क बाईंकडे गेले. ह्या बाई म्हणजे नियमांच्या बाबतीत साक्षात पोलाद. स्वल्पविराम चुकला म्हणून साहेबांचं पत्र त्यांनी साहेबांकडे परत पाठवलेलं आहे.

"वक्ता निवड समिती तीन वर्षांची असते," बाई म्हणाल्या. "तुम्ही सदस्य-सचिव आहात. बाकी दोन सदस्यांपैकी एकाची बदली झाली, एक बाळंतपणाच्या रजेवर आहे. म्हणजे समिती तुम्हीच."

"मग मी राजीनामा देतो."

"द्या ना. समितीच्या सदस्याचा राजीनामा सदस्य-सचिवामार्फत यायला हवा."

निरीक्षकांनी अर्ज लिहिला, सदस्य म्हणून स्वतःकडे दिला, सचिव म्हणून स्वीकारला, 'शिफारस करण्यात येते' असा शेरा मारला आणि वर पाठवला. तिसऱ्या दिवशी तो परत आला. स्वतःच्या अर्जावर स्वतः शेरा मारता येत नाही, सबब सचिवाने तटस्थ सदस्याकडून शेरा घ्यावा. तटस्थ सदस्य प्रसूतिगृहात होती. एवढ्यासाठी तिथे जाणं निरीक्षकांना बरं वाटेना.

त्या संध्याकाळी निरीक्षक घरी आले ते पिशवी हातात घेऊनच पानावर बसले. बायकोने ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि विचारलं, "काय झालं?"

"पुन्हा माझ्याच गळ्यात घातलंय."

"मग बरंच झालं की," बायको म्हणाली. "जे बिघडवलंत ते निस्तरायची संधी आली. निवृत्त झालेल्यांना आमंत्रण असतं ना? लिटरभाऊ येणार. ह्या वेळी आटोपशीर बोलणारा माणूस आणा आणि त्याच्यानंतर भाऊजींना त्यांची चार पानं वाचू द्या."

निरीक्षकांचा घास हातातच राहिला. गोष्ट इतकी सरळ होती की ती आपल्याला सुचली नाही ह्याचा त्यांना थोडा रागच आला. त्यांनी लगेच कागद ओढला. साडेआठला वक्ता उभा राहील, बारा मिनिटं बोलेल. मग आभाराची पाच मिनिटं. पुढे दहा वाजेपर्यंत सगळा वेळ लिटरभाऊंचा. म्हणजे हवा होता फक्त बारा मिनिटं बोलून खाली बसणारा माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिटरभाऊंच्या निमंत्रणपत्रिकेवर स्वतःच्या अक्षरात 'नक्की यावे' असं लिहिलं, 'नक्की'च्या खाली रेघ मारली आणि पोस्टात टाकली. उत्तर आलं नाही.

आता बारा मिनिटांत थांबणारा वक्ता शोधणं म्हणजे काय चीज आहे, हे ज्याने शोधलाय त्यालाच ठाऊक. सगळे वक्ते सांगताना दहाच मिनिटं सांगतात. पण निरीक्षकांच्या खात्यात कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायची पद्धत नाही. किलो म्हणून दुकानदार जे सांगतो ते किलो असतं तर ह्या खात्याची गरजच काय होती. वस्तू आणायची, तपासायची, मगच शिक्का मारायचा. आणि तपासणीचा पहिला नियम असा, की जी वस्तू जिथे आणि जशी वापरायची, तिथेच आणि तशीच तपासायची. कोळशाचा काटा वखारीत तपासायचा, सोनाराचा पेढीवर.

"आणि जेवणानंतरचा वक्ता?" बायकोने विचारलं.

"जेवणानंतर," निरीक्षक म्हणाले. मग जरा अडखळून म्हणाले, "म्हणजे त्याला आधी जेवू घालावं लागेल."

"कुठे?"

निरीक्षकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. बायको त्यांच्याकडे पाहत राहिली. एकोणतीस वर्षांचा संसार झालेल्या बाईला न बोललेलंही ऐकू येतं. "म्हणजे मी रांधायचं आणि तुम्ही घड्याळ धरायचं," ती म्हणाली. "चालेल. भाऊजींसाठी करते, तुमच्यासाठी नाही."

बरं, वक्ता नुसत्या नवराबायकोसमोर कसा तपासणार? रिकाम्या काट्याची तपासणी म्हणजे तपासणी नव्हे. श्रोते हवेत. म्हणून शेजारी बोलवावे लागले, आणि शेजारी बोलवायचे म्हणजे त्यांनाही जेवायला घालणं आलं. समोरचे वकील सपत्नीक आले. वरच्या मजल्यावरच्या काकू आपली खुर्ची घेऊन आल्या, कारण दुसऱ्याच्या खुर्चीत त्यांची कंबर धरते. आणि येताना सगळ्यांनी सल्ले आणले. सल्ल्याला काही लागत नाही.

"त्याच्याकडून लिहून घ्या," वकील म्हणाले. "बाराव्या मिनिटानंतरचा प्रत्येक शब्द हा अतिक्रमण समजला जाईल."

"ते राहू दे," काकू म्हणाल्या. "मी सांगते ते ऐक. ज्याला घरात बोलू देत नाहीत असला माणूस आणू नकोस. तो साठलेलं सगळं तुमच्यावर ओततो. आधी त्याच्या बायकोला भेटून ये."

पहिले आले दातांचे डॉक्टर. गावभर त्यांची विनोदी म्हणून ख्याती होती. ती कशी झाली हे जेवताना कळलं. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून त्यात हत्यारं घातली की तो काहीही म्हणू शकत नाही, आणि डॉक्टर आपल्या विनोदाला दाद मिळाली असं धरून चालतात. जेवताना मात्र ते खरोखरच रंगले. पहिल्या वाढपाला चार किस्से, दुसऱ्याला सहा. वकिलांना ठसका लागला, काकूंनी डोळे पुसले. हात धुऊन डॉक्टर भाषणाला उभे राहिले, निरीक्षकांनी घड्याळाची कळ दाबली, आणि डॉक्टर म्हणाले, "आता काय सांगणार, सगळं तर सांगून झालं." खाली बसले. निरीक्षकांनी वहीत लिहिलं, 'कालावधी : सहा सेकंद. माल वाटेतच सांडला.'

दुसऱ्या आल्या शाळेच्या मोठ्या बाई. बोलणं नेमकं, आवाज खणखणीत, वेळ अकरा मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. निरीक्षक मनात खूश झाले. पण मोठ्या बाईंना श्रोत्यांना प्रश्न विचारायची सवय. आठव्या मिनिटाला काकू वकीलबाईंच्या कानात काहीतरी पुटपुटल्या. "जे काही आहे ते सगळ्यांना सांगा," मोठ्या बाई म्हणाल्या. काकूंनी बापजन्मात कुणाचं ऐकलं नसेल, पण त्यांनी मुकाट्याने सांगितलं की भाजीत मीठ जास्त झालंय. पुढच्या प्रश्नाचं उत्तर वकिलांना आलं नाही, तर त्यांना उरलेला वेळ उभं केलं. उभे राहिले बिचारे. निरीक्षकांच्या बायकोचं तोंड मिठावरून दोन दिवस फुगलेलं, आणि वकील म्हणाले की पुन्हा ह्या बाई येणार असतील तर त्या दिवशी मला कोर्टाचं काम आहे. संध्याकाळी सातला कसलं कोर्ट, पण निरीक्षकांनी विचारलं नाही.

तिसरे गृहस्थ शोकसभांत बोलणारे. वेळेचे पक्के, कारण पुढची शोकसभा गाठायची असते. आवाज असा की ऐकणाऱ्याने आपलं माणूस आठवून हुंदका द्यावा. "पण त्यांना आनंदाच्या प्रसंगी जमेल का?" बायकोने शंका काढली. "वक्ता तो वक्ता," निरीक्षक म्हणाले, "किलोचं वजन साखरेला वेगळं आणि मिठाला वेगळं असतं का?" मिठाचं नाव ऐकून बायको आत निघून गेली. गृहस्थांनी सुरुवात छान केली. हसूनखेळून सहा मिनिटं गेली. मग त्यांनी यजमानांचे आभार मानायला घेतले. निरीक्षकांचा साधेपणा, निरीक्षकांची सचोटी, आणि बोलता बोलता गाडी नेहमीच्या रुळावर गेली. डोळे मिटून ते म्हणाले, "आज ते आपल्यात नाहीत." निरीक्षक पाण्याचा तांब्या घेऊन समोरच उभे होते. काकूंना रडू फुटलं. आपण जिवंत आहोत हे निरीक्षकांनी तीनदा सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते कळतंय रे, पण माणूस चांगला होतास." वेळ मात्र बारा मिनिटं शून्य सेकंद. एवढा अचूक वक्ता हातचा सोडताना निरीक्षकांना जड गेलं.

एव्हाना आळीत बातमी पसरली होती की इथे बोलून दाखवलं तर जेवायला मिळतं. घड्याळजी विचारून गेला, विमा एजंट तर थेट हात धुऊनच आला. भोजनाला आठ दिवस उरले. रस्त्यात लिटरभाऊ दिसले, नेहमीसारखे पलीकडे गेले, आणि निरीक्षकांनी ओरडून सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. काय सांगणार? तुझ्यासाठी एक तास राखून ठेवतोय, पण बारा मिनिटांचा माणूस मिळत नाही?

मग मिळाला. आकाशवाणीवर बातम्यांआधी हवामान सांगणारा निवेदक. सडपातळ, नम्र, आयुष्यभर सेकंदावर बोललेला माणूस. जेवण झाल्यावर तो उठला, हवामानाच्या अंदाजांच्या गमती सांगितल्या, कोरडं हवामान सांगून स्वतः कसा चिंब भिजलो ते सांगितलं. सगळे हसले, वकीलसुद्धा बसल्या बसल्या हसले. बरोबर बारा मिनिटांनी तो खाली बसला. निरीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि खिशात शिक्का असता तर त्याच्या कपाळावर मारला असता.

"जेवला नाही नीट," पानं उचलताना बायको म्हणाली. "परक्या घरी लाजला असेल. दोन घास खाऊन उठला."

"भाषण कसं झालं ते बोल."

"ते झालं चांगलं. मी जेवणाचं सांगतेय."

निरीक्षकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. इथेच त्यांची चूक झाली. आणि ती अशी चूक, की कचेरीत नवा लागलेला उमेदवारही करत नाही. काटा तपासायचा तो पूर्ण भाराने. पाच किलोचा काटा अर्ध्या किलोने तपासून शिक्का मारणाऱ्याला निरीक्षकांनी स्वतः एकदा कारणे दाखवा नोटीस दिली होती. हा वक्ता त्यांनी दोन घासांवर तपासला होता.

भोजनाची संध्याकाळ आली. सभागृह तेच, व्यवस्थापक तोच, भिंतीवरचं घड्याळही तेच. सात वाजून दहा मिनिटांनी लिटरभाऊ आले. निरीक्षक दाराशी स्वागताला उभे होते. लिटरभाऊंनी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत पत्रिका हेडक्लार्क बाईंकडे दिली आणि कोपऱ्यातल्या टेबलावर, निरीक्षकांकडे पाठ येईल अशी खुर्ची निवडून बसले. पण आले होते. निरीक्षकांना तेवढ्यानेही बरं वाटलं.

इकडे निवेदक जेवत होता. इथे कुणी ओळखीचं नव्हतं, वाढणारे आग्रह करत होते, आणि त्याच्या नम्र स्वभावाला नाही म्हणता येत नव्हतं. पहिल्यांदा भात घेतला, दुसऱ्यांदा घेतला. गोड तीनदा घेतलं. मग आइस्क्रीम आलं. निरीक्षकांच्या बायकोने लांबून नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं. निरीक्षकांना वाटलं ती आपल्याला आइस्क्रीम घ्या म्हणतेय.

साडेआठला साहेब प्रास्ताविकाला उठले. पाच मिनिटंच बोलले, पण भरल्या पोटी पाच मिनिटं पुष्कळ झाली. "आता मी आजच्या वक्त्यांना विनंती करतो," असं म्हणून साहेबांनी ध्वनिक्षेपक शेजारच्या खुर्चीपुढे सरकवला, तेव्हा सभागृहात सर्वदूर आवाज गेला तो घोरण्याचा. संथ, खोल, एका लयीत. निवेदकाची हनुवटी छातीवर टेकली होती आणि चेहऱ्यावर तान्ह्या बाळाचं समाधान होतं. साहेबांनी खांदा हलवला. निवेदकाने झोपेतच स्पष्ट उच्चारात "आकाश अंशतः ढगाळ राहील" असं सांगितलं आणि कूस बदलली.

आधी एक हसला, मग सगळं सभागृह हसलं. मागून कुणीतरी म्हणालं, "चौऱ्याण्णव, ह्या वेळी शून्य." साहेबांनी निरीक्षकांकडे पाहिलं. ती नजर काय म्हणत होती हे सांगायला नको. पण हातातल्या घड्याळाकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आठ पस्तीस झालेत, दिवे दहाला जाणार आहेत आणि बोलायला उभा कुणीच नाही. सगळाच्या सगळा वेळ मोकळा पडलाय.

ते सभागृह ओलांडून कोपऱ्यातल्या टेबलाशी गेले. लिटरभाऊ ताटलीकडे बघत होते.

"ती चार पानं," निरीक्षक म्हणाले. "आणली आहेस का?"

लिटरभाऊंनी वर पाहिलं नाही. पण हात कोटाच्या आतल्या खिशात गेला आणि कागदांची जाड घडी बाहेर आली. वर्षभर माणूस घरी बसून होता, रागावलेला होता आणि पेन हाताशी होतं. चाराची अकरा पानं झाली होती. दोन्ही बाजूंनी लिहिलेली.

लिटरभाऊ उभे राहिले. निरीक्षकांनी सवयीने कळ दाबली.

आता खरं ते सांगायला हवं. भाषण फार वाईट झालं. इतकं कंटाळवाणं भाषण त्या सभागृहाने मधमाश्या धरूनही ऐकलं नव्हतं. लिटरभाऊ कागदावरून नजर न उचलता एका सुरात वाचत होते. नोकरीत तपासलेली मापं त्यांनी सालवार लिहिली होती. अमुक साली अमुक डेअरीचं पाच लिटरचं माप, तळाला पोचा, तूट चाळीस मिलिलिटर. तमुक साली तेलाच्या दुकानातलं एक लिटरचं माप, काठ घासलेला. चाळिसाव्या मिनिटाला लोक खुर्चीत घसरले. साठाव्याला साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. सत्तराव्याला हिशेबनीस उठून हात धुऊन आला, मघाशी धुतलेले असूनही. निरीक्षक मात्र ताठ उभे होते. बारा मिनिटांचा नियम ज्याने केला, घरचं धान्य घालून वक्ते बारा मिनिटांवर घासून पाहिले, तो माणूस प्रत्येक पान उलटलं की लोकांकडे अशा नजरेने बघे, की जांभई अर्ध्यावर मिटावी.

दहाला तीन मिनिटं कमी असताना व्यवस्थापक दिव्यांच्या बटणांकडे निघाला. लिटरभाऊंच्या हातात अजून दोन पानं होती.

निरीक्षक आडवे गेले. "तुमच्या मुदपाकखान्यात काटा आहे ना?"

"आहे की. का?"

"शेवटची तपासणी कधी झाली?"

व्यवस्थापक चाचरला. "आत्ता? ह्या वेळी?"

"मी कामावर असतो तेव्हा वेळ बघत नाही," निरीक्षक म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलत होते, पण ठसक्यात बोलले. "चला. तपासणीच्या वेळी व्यवस्थापकाने हजर राहावं लागतं."

आत जाऊन त्यांनी काटा पुसला. पुन्हा पुसला. ओट्याची पातळी बघितली. पाच ग्रॅमपासून सुरुवात केली आणि प्रत्येक वजन ठेवून काटा स्थिरावेपर्यंत, आणि स्थिरावल्यावरही, थांबले. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकी सावकाश तपासणी त्यांनी केली नव्हती. दार उघडं होतं. बाहेरून लिटरभाऊंचा एकसुरी आवाज येत होता. दहा वाजून गेले. निरीक्षकांनी दोन किलोचं वजन उचललं तेव्हा बाहेरचा आवाज जरा थांबला, कागदाचा फडफडाट झाला.

"आता शेवटचं पान," लिटरभाऊ वाचत होते. "हे गेल्या वर्षीच लिहिलं होतं. बदललेलं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर एक जण बसायचा. आम्ही रोज एक चहा दोघांत घ्यायचो. कपातला तो ओतायचा. मी मापांच्या खात्यातला माणूस, थेंबाचा फरक ओळखणारा. पण तो मला निम्म्याहून जास्त देतो आणि स्वतः कमी घेतो, हे मला बारा वर्षं कळलं नव्हतं. कळल्यावरही मी बोललो नाही. बोललो असतो तर त्याने सारखा ओतला असता, आणि मला तसा नको होता. एवढं सांगायचं राहिलं होतं. ह्या तुटीची नोंद कुठे केलेली नाही."

निरीक्षक दोन किलोचं वजन हातात धरून तसेच उभे राहिले. डोळे भरून आले होते आणि वजन ठेवायला जागा दिसेना.

"साहेब, ठेवताय ना?" व्यवस्थापकाने विचारलं.

"काटा बरोबर आहे तुमचा," निरीक्षक म्हणाले. "अगदी बरोबर आहे."

बाहेर टाळ्या पडल्या. सुटलो म्हणून पडल्या की शेवटच्या पानासाठी पडल्या, हे ज्याचं त्याला माहीत. पण मोठ्या पडल्या. त्या आवाजाने निवेदक जागा झाला, आपल्यासाठीच आहेत असं समजून उठून उभा राहिला आणि नम्रपणे वाकला. निरीक्षकांनी बाहेर येऊन कळ दाबली. एक तास एक्केचाळीस मिनिटं.

हेडक्लार्क बाई वक्त्यांची नोंदवही उघडून बसल्या होत्या. वक्त्याचं नाव त्यांनी लिहिलं, विषयापुढे 'मापं' लिहिलं. मग पेन उचलून विचारलं, "कालावधी?"

निरीक्षकांनी आयुष्यात आकडा फिरवला नव्हता. गुंजभर नाही, थेंबभर नाही. लिटरभाऊ शेजारीच उभे होते, अकरा पानांची घडी घालत.

"बारा मिनिटं," निरीक्षक म्हणाले.

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वादहा वाजून गेले होते. वहीकडे पाहिलं. निरीक्षकांकडे पाहिलं. मग त्यांनी आकड्यात बारा लिहिलं, अक्षरी बारा लिहिलं, आणि खाली सही केली.

लिटरभाऊंनी घडी खिशात ठेवली. त्यांनीही भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, अगदी नीट, तपासायला आल्यासारखं. आणि एक वर्ष, अठरा दिवसांनी ते निरीक्षकांशी बोलले.

"तुझं घड्याळ मागे पडतंय," ते म्हणाले. "उद्या चारला घरी घेऊन ये. बघू काय झालंय त्याला."